हिवरदरीची मासळी

हिवरदरी, ता. औंढा
९ ऑगस्ट २०२३

राजनंदिनीच्या बापास, सुकन्याचा नमस्कार.

तुमचं पत्र भेटलं. जेलात भेटीला यायचं लई मनात हाय, पण मामाजीला एकटं सोडता येत न्हाई. त्यायचे दोन्ही हात मनगटापासून खाली लोंबून राहिले. बोटं वर उचलतच न्हाईत. परवा म्हणले, "सुनबाई, जाळं दे, बसल्या बसल्या फाटकं शिवतो." सुई हातात दिली तर गळून पडली. मंग भिंतीकडं तोंड करून बसले. ज्या माणसानं सारा जलम तळ्यावर जाळं फेकलं, त्याला आता म्या घास भरवते.

नांदेडच्या डॉक्टरनं रक्त तपासलं. शिसं निघालं. म्हणले, "जुन्या ब्याटऱ्या वितळवायची भट्टी हाय ना तुमच्याकडं? तिचं पाणी तळ्यात जातं, ते गाळात बसतं, गाळातून मासळीत. अन् तुमी नुसतं मांस खात न्हाई. डोकं, काटे, सालीसकट झिंगे, समदं खाता. शिसं तिथंच जास्त." राजनंदिनीच्या रक्तात बी निघालं. तिचं पोट दुखतं ते त्याच्यानंच. बाराखडी पाठ व्हती तिला. आता 'क' काढते अन् माझ्या तोंडाकडं पाहते, पुढं काय म्हणून. आपलं पाचव्या महिन्यातलं लेकरू काहून गेलं, ते इचारायचा मला धीर झाला न्हाई. डॉक्टरनं आपणहूनच सांगितलं.

प्रदूषणाच्या हपिसातली माणसं तपासायला येऊन गेली. तळ्याच्या भिंतीजवळून पाण्याच्या बाटल्या भरल्या. भट्टीचा ओढा जिथं तळ्याला मिळतो तिकडं गेलेच न्हाईत. मासा बी नेला न्हाई. कागद आला, पाणी ठीक हाय. लगेच भट्टीवाल्या शेषरावनं पेपरात छापून आणलं, "हिवरदरीची मासळी निर्धोक आहे. मी स्वतः खातो." बाजूला फोटो, खांद्याला पट्टा बांधलेला. भट्टीच्या पाण्यावरून भांडण झालं तवा तुमी वल्हं मारून मोडलेला खांदा. लोकं त्यालाच बिचारा म्हणून राहिले.

मला लई राग येऊन राहिला. तो कुठं ठिवू ते सांगा.

सुकन्या


जिल्हा कारागृह, परभणी
२३ ऑगस्ट २०२३

सुकन्या,

बाच्या हाताचं वाचलं अन् दिवसभर बराकीत येरझाऱ्या घातल्या. बराकीतले म्हणाले, प्रभूला काय झालं. काय सांगू?

इथं पत्रं उघडून वाचतात. त्याचं नाव परत लिहू नको. 'पाहुणा' म्हण. आपण समजून घेऊ.

कोर्टात पाहुण्याचा वकील काय म्हणला, तू ऐकलंच. "हे भोई लोक दारू पितात, हात लटपटणारच." बानं जलमात दारूला हात लावला न्हाई. अन् पाहुणा खुर्चीवर बसून मान हलवत व्हता, जसं काय त्याला आपली कीव येऊन राहिली.

म्या त्याचा खांदा मोडला. खांदा जुळतो. त्याचा जुळला बी असंल. बाचे हात जुळणार न्हाईत, अन् गेलेलं लेकरू येणार न्हाई. माझी चूक एवढीच झाली की म्या त्याला बाहेरून मारलं. त्याला आतून दुखलं पायजे, सुकन्या. आपल्याला दुखलं तसंच, थोडं थोडं, अन् काहून दुखून राहिलं ते त्याला कळू नये.

पोरीला जप. तळ्याचं काहीच खाऊ देऊ नको.

प्रभू


हिवरदरी
१७ नोव्हेंबर २०२३

राजनंदिनीच्या बापास नमस्कार.

मामाजी गेले ते तुमाला जेलच्या सायबानं सांगितलंच असंल. डॉक्टर म्हणले, शिशानं मूत्रपिंडं खाल्ली. तुमाला सोडलं न्हाई म्हणून अग्नी तुमच्या चुलतभावानं, शंकरसिंगनं दिला. नेताना हात छातीवर ठिवले तर परत परत खाली घसरत व्हते. शेवटी म्या पदराच्या काठानं बांधले.

आता दुसरं सांगते. म्या मासळीची पाटी घेऊन हिंगोलीला जाऊन राहिले. बाजारात बसत न्हाई. एकाच घरी रतीब लावला. पाहुण्याच्या.

पयल्या दिवशी दारात गेले तर तोच समोर आला. कोर्टात त्याच्या समोरच्या बाकावर म्या दिवसभर बसले व्हते. त्यानं मला वळखलं न्हाई. कधी पाहिलंच न्हाई तर वळखंल काय?

"नाव काय बाई?"

"सत्यभामा."

"मासळी कुठली?"

"येलदरी धरणाची, मालक."

मंग पाटीत वाकून पाहिलं अन् म्हणला, "हिवरदरीची न्हाई ना?"

पेपरात सांगतो मी स्वतः खातो, अन् घरात येणाऱ्या पाटीला हे इचारतो! तोवर मला वाटायचं, त्याला माहीत नसंल, भट्टीवरचे लोक सांगत नसतील. त्याला समदं माहीत हाय.

म्या म्हणलं, "तिकडची कोण खाईल, मालक?" तो हसला. मरळ घेतली, झिंगे घेतले, म्हणला, येत जा.

जाळं म्या स्वतः ओढते. ओढ्याच्या तोंडाशी, जिथं गाळ लई हाय. तुमाला यापेक्षा जास्त सांगायची गरज न्हाई.

सुकन्या


परभणी
१ डिसेंबर २०२३

सुकन्या,

बा गेल्यापासून घशाखाली घास उतरत नव्हता. तुझं पत्र आलं त्या दिवशी पोटभर जेवलो. वरून मागून घेतलं.

पाहुण्याची चांगली बडदास्त ठिव. मरळीचं डोकं काढून टाकू देऊ नको, म्हणावं चव त्याच्यातच हाय. झिंगे सालीसकट तळायला सांग. घाई करू नको, रोज जाऊ नको. त्याला वाट पाहू दे.

माझ्या हातानं जे झालं न्हाई ते तुझ्या हातानं होऊन राहिलं. रातचं डोळे मिटले की मला त्याचं ताट दिसतं.

प्रभू


हिवरदरी
११ मार्च २०२४

राजनंदिनीच्या बापास नमस्कार.

पाहुण्याला तकलीफ सुरू झाली. पोटात पीळ पडतो, संडासला होत न्हाई, तोंडाला चव न्हाई. हिंगोलीचा डॉक्टर गॅसच्या गोळ्या देऊन राहिला. म्या दारात उभी राहून इचारते, "आता बरं हाय का, मालक?" तो म्हणतो, "कशाचं बरं, सत्यभामाबाई." मला ते ऐकायला लई गोड लागतं. घरी येईपर्यंत तेच कानात घोळतं. मामाजी बी असंच पोट धरून बसायचे.

त्याचं घर आता आतून पाहिलं. बायको वारली, पोरगा पुण्याला नोकरीला, घरात सून. मिना तिचं नाव, कुरुंद्याची पोरगी. तिला दिवस गेलेत, सहावा सरत आला. मला खाली बसू देत न्हाई, खुर्ची देते, चहा करते. झिंगे तिला इतके आवडतात की माझी वाट पाहत दारात उभी असती. तिच्या नखायचा रंग उतरलाय. जिना चढली की दम लागतो.

पयल्यांदा ती दिसली तेव्हा म्या भरली पाटी घेऊन माघारी फिरणार व्हते. मंग फिरले न्हाई. तुमीच लिहिलं व्हतं ना, आतून दुखलं पायजे. त्याच्या आत तेच एक घर हाय.

सुकन्या


परभणी
२० मार्च २०२४

सुकन्या,

हे पत्र भेटल्याबराबर तिकडं जाणं बंद कर.

म्या बोललो व्हतो ते त्याच्यासाठी. त्या एकट्या म्हाताऱ्यासाठी. तिच्या पोटातल्यानं आपलं काय केलं? तुझं लेकरू गेलं तेव्हा तू दवाखान्यात माझा हात धरून काय म्हणली व्हतीस ते मला आठवतं. ते दुसऱ्या बाईला म्हणायला लावू नको.

ते लेकरू दगावलं तर पाहुण्यात अन् आपल्यात फरक काय राहिला? म्या इथं उलट्या करून राहिलो. एका ओळीत तरी जबाब लिही की बंद केलं.

प्रभू


हिवरदरी
२ एप्रिल २०२४

राजनंदिनीच्या बापास,

तिच्या पोटातल्यानं आपलं काय केलं म्हणता. आपल्या पोटातल्यानं त्याचं काय केलं व्हतं?

तुमी आत बसून दया करता. म्या रोज पोरीसमोर पाटी-पेन्सिल धरून बसते. काल तिनं आपलंच नाव लिहिताना मधलं अक्षर गाळलं, अन् तिला कळलं बी न्हाई. शाळेतल्या बाई म्हणल्या, "थोडी मंदच आहे, बाई, तुमची मुलगी." म्या त्यायच्या तोंडावर काय फेकू?

ताट दिसतं म्हणले व्हते ना तुमी? डोळे मिटून पाहायला गोड लागलं. आता ताटापुढं माणूस बसलेलं दिसलं तर उलटी आली.

बंद केलं न्हाई.

सुकन्या


परभणी
१५ एप्रिल २०२४

सुकन्या,

तू लिहिलं ते बराबर हाय. तरी सांगतो, बंद कर. माझ्यासाठी न्हाई. तू उद्या त्या पोरीचं तोंड इसरू शकणार न्हाईस म्हणून सांगून राहिलो.

प्रभू


महिला बराक, जिल्हा कारागृह, नांदेड
३० मे २०२४

राजनंदिनीच्या बापास नमस्कार.

वरचा पत्ता वाचून घाबरू नका. पोरगी माझ्या आईकडं जवळा बाजारला हाय, खुशाल हाय. आता नाव लिहायला हरकत न्हाई, समदं उघड झालं.

तुमच्या शेवटच्या पत्रावर म्या जबाब दिला न्हाई. रागानं दिला न्हाई. त्या आठवड्यात परत हिंगोलीला गेले, पाटी भरूनच गेले. शेषराव घरी नव्हता. मिनानं झिंगे ठिवून घेतले अन् आतून एक डबा आणला. म्हणाली, "ताई, हा तुमच्या मुलीसाठी. परवाचे झिंगे मी आज सकाळी सुके केलेत, खोबरं घालून. तुम्ही आम्हाला एवढं आणून देता, तिच्या तोंडी काही पडत असेल का, असं रोज वाटतं मला."

डबा गरम व्हता. म्या हात मागं घेतला.

"घ्या ना."

"ती खात न्हाई."

"भोयाची पोर आणि झिंगे खात नाही?"

"तिला बंद हायत."

"का?"

आता तुमीच सांगा, काय सांगणार व्हते? दुसरं काहीच सुचलं न्हाई. म्या म्हणलं, "तू बी खाऊ नको. मासळी येलदरीची न्हाई, हिवरदरीची हाय. म्या सत्यभामा न्हाई. तुझ्या सासऱ्याचा खांदा ज्यानं मोडला त्याची बायको हाय. तुला म्या शिसं चारलं. आजच्या आज नांदेडला जाऊन रक्त तपास."

ती ओरडली न्हाई. डबा तसाच हातात धरून खाली बसली. म्हणाली, "पण मामांजी तर म्हणाले होते, हिवरदरीची मासळी चांगली आहे. पेपरात होतं."

"त्यायलाच इचार," म्हणून म्या उठले. बस स्टँडापर्यंत चालत आले. पाटी कुठं ठिवली ते अजून आठवत न्हाई.

तिच्या रक्तात शिसं निघालं. शेषरावच्या बी निघालं, जास्त. मिना बापाकडं कुरुंद्याला निघून गेली अन् शेषराव फणफणत पोलीस ठाण्यात गेला. मला धरायला हवालदार धर्मसिंग आले. म्या म्हणलं, "भाऊ, काय लिहून दिलं ते वाचून दाखवा." त्यायनं वाचलं. हिवरदरी तलावातली मासळी शिसेयुक्त व विषारी आहे हे ठाऊक असताना सदर बाईनं ती जाणूनबुजून माझ्या कुटुंबास खाऊ घातली. सोबत दोघांच्या रक्ताचे कागद. खाली शेषरावची सही.

म्या म्हणलं, "परत वाचा." त्यायनं परत वाचलं. वाचता वाचता मधीच थांबले अन् माझ्याकडं पाहिलं. त्यायला बी कळलं.

आपण रडून, ओरडून, रक्ताचे कागद दाखवून जे कोणी लिहून दिलं न्हाई, ते त्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. हे माझ्या डोक्यात नव्हतं. मला फक्त त्याला तडफडताना पाहायचं व्हतं. पण गाडीत बसले तेव्हा मला हसू आलं, खोटं कशाला सांगू? मामाजी गेल्यापासून पयल्यांदा.

त्या तक्रारीची नक्कल तुमच्या वकिलाला मागायला सांगा.

सुकन्या


हिवरदरी
२२ सप्टेंबर २०२४

सुकन्या,

जामिनावर सुटून घरी आलो. तू आत अन् म्या बाहेर, असं काही होईल हे कधी मनात आलं नव्हतं. राजनंदिनीला घेऊन आलो. तिला नांदेडचं औषध चालू हाय. पोट दुखणं कमी झालं. डॉक्टर म्हणतात, डोक्याचं जे गेलं ते किती परत येईल सांगता येत न्हाई. संध्याकाळी तिला घेऊन बसतो. चिडत न्हाई.

वकिलानं शेषरावची तक्रार वरच्या कोर्टात ठिवली. त्याच्यानंतर मोठ्या हपिसातून माणसं आली. या बारीला ओढ्याचा गाळ नेला, मासे नेले, झिंगे नेले. भट्टीला कुलूप लागलं. धूर बंद हाय. भोईवाड्यातल्या समद्यांची रक्तं तपासून राहिले. तळ्यावर पाटी लावली, मासे धरू नका म्हणून. आपला धंदा बुडाला तो बुडाला, पण आता कोणी आपल्याला दारुडे म्हणत न्हाई.

मिनाला मुलगी झाली. तोलात कमी हाय, रक्तात थोडं शिसं हाय, पण जिवंत हाय, रडते, दूध पिते. मिना सासरी परत गेली न्हाई. कोर्टात साक्ष देणार हाय, सासऱ्याच्या विरुद्ध अन् तुझ्या बी.

आता मुद्द्याचं. परवा शेषरावचा वकील घरी आला व्हता. चपला बाहेर काढून आत बसला, पाणी प्याला. म्हणला, "आमचे मालक तक्रार मागं घ्यायला तयार आहेत. गैरसमज झाला म्हणतील. तुमच्या बाईनं फक्त एवढं लिहून द्यावं, की मासळी येलदरीचीच होती, हिवरदरीची नव्हती. या महिन्यात सुटून घरी येतील."

म्या म्हणलं, "मंग सुनेच्या रक्तात शिसं कुठून आलं?"

म्हणला, "ते आमचं आम्ही पाहू."

न्हाईतर तुला काही वर्सं आत राहावं लागंल, आपल्या वकिलाचं म्हणणं हाय. पोरगी रोज इचारते, आई कधी येणार. शेषरावला म्या परवा कोर्टाच्या आवारात पाहिलं. वाळून गेलाय, काठी टेकत चालतो, कोणी त्याच्याजवळ उभं राहत न्हाई. सुकन्या, लई झालं असं मला वाटतं. पण म्या तुला हे कर अन् ते करू नको असं सांगणार न्हाई. दोन्हीबारी सांगून पाहिलं.

तुझा, प्रभू


महिला बराक, नांदेड
४ ऑक्टोबर २०२४

राजनंदिनीच्या बापास नमस्कार.

तुमी घरी हाव हे वाचून लई बरं वाटलं. पोरीचे केस धुऊन देत जा, तिला जमत न्हाईत.

मिनाची पोरगी जिवंत हाय, हे वाक्य म्या कितीबारी वाचलं ते मोजलं न्हाई. मिना माझ्या विरुद्ध बोलणार ते बराबर हाय तिचं. तिनं बोललंच पायजे. तिच्यासमोर म्या मान वर करणार न्हाई.

पण शेषरावसमोर करंन.

वकिलाला सांगा, सुकन्या काही लिहून देणार न्हाई. कोर्टात उभी राहून एवढंच म्हणंल: मासळी हिवरदरीची व्हती, म्या स्वतः जाळं ओढून धरली, शेषरावला खोटं सांगून चारली. जी शिक्षा असंल ती द्या.

म्या सुटले तर मासळी चांगली ठरंल. तुमाला ध्यानात येतंय का? कुलूप निघंल. मामाजी दारूनं मेले ठरतील, आपलं लेकरू नशिबानं गेलं ठरंल, अन् पोरगी जलमाचीच मंद ठरंल. मला घरी यायचंय, लई यायचंय. पण असं न्हाई. त्याच्या एका सहीसाठी आपण किती जण मेलो, अन् तीच आता तो पुसायला मागून राहिला. म्या आत हाय तोवर ती पुसली जात न्हाई.

लई झालं म्हणता. त्याला काठी टेकताना तुमी पाहिलं, म्या पाहिलं न्हाई. मला दिसला असता तर कीव आली असती का, ते मला बी माहीत न्हाई. म्हणून न दिसलेलंच बरं.

राजनंदिनी इचारते ना? तिला आई गावाला गेली असं सांगू नका. तिच्या पोटात काय गेलं अन् कोणी घातलं, ते सांगा. अन् त्याच्या पोटात काय गेलं अन् कोणी घातलं, ते बी सांगा.

सुकन्या